फरक दिसला नाही

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या एका वर्षी, गणपती उरकल्यावर, मी सांगलीहून रत्नागिरीला नोकरीसाठी आले. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि सुक्या मासळीच्या एका प्रकल्पाला आकडेमोड करणारं माणूस हवं होतं. आमचं घर लिंगायत. मासळी घरात कधी शिजली नव्हती. वडील म्हणाले, "अगं, वासानं पळून येशील." मी म्हटलं, "मला मासळी धरायची नाहीये, कागद धरायचाय."

प्रकल्पाचं ऑफिस म्हणजे मांडवीच्या वाटेवर एका दुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या. प्रमुख होते ते मूळचे मालगुंडचे, पन्नाशी उलटलेले, मासळीच्या टिकाऊपणावर आयुष्य घालवलेले. मी त्यांना सर म्हणायची. ते मला नावानं कधी हाक मारत नसत. "काय सांख्यिकी, जेवलात?" असं विचारायचे. शेवटचा शब्द वर चढवून बोलायची इथली पद्धत मला नवी होती. सुरुवातीला त्यांचं प्रत्येक वाक्य मला प्रश्नच वाटे आणि मी उगाच उत्तर देत बसे.

काम साधं होतं. पूर्णगडला बायका मांदेली वाळूवर पसरून सुकवत. आम्ही सांगत होतो की आधी मिठाच्या पाण्यातून काढा आणि बांबूच्या उंच ताटीवर सुकवा, म्हणजे रेती लागणार नाही, बुरशी लवकर धरणार नाही. दोन्ही तऱ्हेची मासळी डब्यांत भरून ठेवली, बुरशी कधी धरते ते पाहिलं. आणि चव बघायला गावातल्याच डझनभर बायका बसवल्या. खारवी मच्छीमारांच्या वाड्यातल्या काही, मुसलमान मोहल्ल्यातल्या काही. कुठली मासळी कुठली हे त्यांना न सांगता भाजून पुढे ठेवायची. लिहिता येत नसे त्यांच्यासाठी मी चिंचोके नेले होते. आवडेल तितके चिंचोके वाटीत टाकायचे, जास्तीत जास्त दहा. बायकांना गंमत वाटली. हसत, एकमेकींच्या वाट्यांत डोकावत, माझी बोलणी खात त्यांनी ते काम केलं.

हिशोब मी ऑफिसात केला. वाळूवरच्या मासळीला सरासरीत जरा जास्त चिंचोके पडले होते. आता असं अंतर खरंच मासळीमुळे पडलं की निव्वळ योगायोगानं, हे तपासायची एक रीत असते. आपल्या आकड्यांवरून एक किंमत काढायची आणि पुस्तकाच्या मागच्या तक्त्यातल्या किमतीशी ताडून बघायची. आपली मोठी निघाली तर फरक 'सिग्निफिकंट', म्हणजे योगायोगावर ढकलता येणार नाही असा. लहान निघाली तर तसं म्हणता येत नाही. बुरशीच्या बाबतीत आमची किंमत दणदणीत मोठी आली. चवीच्या बाबतीत ती तक्त्यातल्या किमतीच्या जेमतेम खाली राहिली. मी कॅल्क्युलेटरची बटणं परत परत दाबली. तेवढीच आली.

टेबल तयार केलं. बुरशीच्या रकान्यात आकड्यावर दोन तारे, म्हणजे फरक अगदी पक्का. चवीच्या रकान्यात आकडा न देता 'एन.एस.' एवढी दोनच अक्षरं, म्हणजे नॉट सिग्निफिकंट. तशीच पद्धत होती. सगळे तसंच छापत. सरांनी निबंध लिहिला, टाइप झाला, संशोधनाच्या एका त्रैमासिकाकडे गेला. त्याबरोबरच मच्छीमार सोसायट्यांत वाटायला त्यांनी एक मराठी पत्रकही काढलं. पत्रकात लिहिलं होतं, 'ताटीवर सुकवलेली मासळी अधिक टिकते. चवीत कोणताही फरक पडत नाही, हे शास्त्रीय चाचणीने सिद्ध झाले आहे.'

मी ते वाचलं तेव्हा काहीतरी खुपलं. पण पत्रकं छापून गठ्ठे बांधून आली होती, आणि मला नोकरीला लागून सहा महिनेसुद्धा झाले नव्हते.

होळीनंतर मी डबे तपासायला पूर्णगडला गेले. बंदराच्या बाजूला उतरले तर चव घेणाऱ्यांतली एक म्हातारी वाळूवर पसरलेली मासळी परतत होती. नवरा दर्यानं नेलेला, मुलगे मुंबईला, आणि ही स्वतः पाटी डोक्यावर घेऊन पावसच्या, लांज्याच्या बाजारापर्यंत सुकं विकणारी. चव बघताना सगळ्यांत मोठ्यानं हसणारी हीच. आज तिनं मान वर केली नाही.

"काय आजी, बरं आहे ना?"

"बरं कसलं गो बाय? तुमीच लिवलंय ना ता कागदात? फरक नाय म्हणून?"

मी म्हटलं, "आजी, ते असं आहे की…"

"आमी काय सांगितलं तेव्हा? वाळूवरची गोड लागते म्हणून सांगितलं. सगळ्यांनी सांगितलं. मंग फरक नाय कसा झाला?"

दोन-तीन जणी जमल्या. त्यांतली मोहल्ल्यातली एक शाळामास्तरीण होती, शांत स्वभावाची. तिनं मला नीट सांगितलं. सोसायटीच्या सभेत चेअरमननी ठराव मांडला होता की यापुढे सोसायटी ताटीवरचीच मासळी घेईल. बायका म्हणाल्या, गिऱ्हाईक चवीला नावं ठेवील. त्यावर चेअरमननी खिशातून आमचं पत्रक काढून वाचून दाखवलं. "शास्त्रानं सिद्ध झालंय. तुमचीच चव घेऊन सिद्ध झालंय. आता बोलू नका." आणि बायका गप्प बसल्या.

म्हातारी माझ्याकडे बघत होती. "तू खाल्लंस काय गो दोन्ही?"

"मी खात नाही, आजी."

"खात नाय! मंग लिवलंस कसं?"

ते मी लिहिलं नव्हतं, असं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. आकडे माझेच होते.

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. पुस्तक उघडायची, पुन्हा तेच वाचायची. फरक सिद्ध झाला नाही याचा अर्थ फरक नाही असा होत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात. डझनभर माणसांवर लहानसा फरक दिसतच नाही पुष्कळदा. जाड चाळणीत बारीक खडा अडकत नाही, म्हणून धान्यात खडाच नव्हता असं कोण म्हणेल? हे मला पाठ होतं, आणि तरी त्या दोन अक्षरांच्या रकान्यापुढे मी निमूट सही केली होती. टेबलाशी दहा मिनिटं बसवत नसे. उठून गॅलरीत जायची, परत आत यायची. संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर जाऊन टोकापर्यंत चालत सुटायची आणि लगेच मागे फिरायची. खानावळीच्या बाई म्हणाल्या, "पानात काय शोधताय? भात आहे तो." सरांशी बोलायचं रोज ठरवायची. सर मुलीच्या लग्नाच्या गडबडीत होते. सकाळी येत, सह्या करत, पत्रिकांचे गठ्ठे पिशवीत घालून जात. मग ते रजेवरच गेले.

आणि नेमकं तेव्हा त्रैमासिकाकडून प्रुफं आली. लांब, शाईच्या वासाचे कागद, आणि सोबत छापील चिठ्ठी. उलट टपाली पाठवा, विलंब झाल्यास आहे तसं छापू, मजकुरात बदल करू नये, फक्त जुळणीच्या चुका दुरुस्त कराव्यात. मी निबंधाच्या शेवटाकडे गेले. इंग्रजीत तेच वाक्य होतं, पत्रकातलं. चवीत फरक नाही, असं ठाम.

कारकून म्हणाला, "सही सरांची लागेल. ते तर मालगुंडला. लग्न परवा. राहू दे, छापू देत तसंच."

मी प्रुफं फायलीत घातली, पुस्तक पिशवीत टाकलं आणि स्टँडवर गेले. मालगुंडची गाडी निवळीवरून, चाफे गावावरून आत वळत वळत जाते. जांभ्या दगडाच्या गडग्यांआड आंब्याच्या बागा, सड्याच्या कातळावर उन्हाचा रखरखाट, आणि मी सीटच्या कडेवर बसलेली, जणू तसं बसल्यानं गाडी लवकर पोचणार होती. लग्नघरी काय म्हणून जायचं? हातात आहेर नाही, अंगावर ऑफिसची साडी. वाटेत दोनदा वाटलं, उतरावं आणि परतीची गाडी धरावी.

अंगणात झावळ्यांचा मांडव घालायचं काम चालू होतं. सर बनियन आणि धोतरावर, हातात सुंभाचा गुंडा घेऊन कोणाला तरी ओरडत होते. मला पाहून थबकले.

"सांख्यिकी? तुम्ही? अहो, परवा आहे लग्न!"

"सर, प्रुफं आलीत."

"मग सही करून टाकायची ना माझ्या नावाची!"

"एक वाक्य बदलायचंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सुंभ खाली ठेवला. "पाणी घ्या आधी." आम्ही पडवीत बसलो. आतल्या खोलीत पिकत घातलेल्या आंब्यांची अढी होती, तिचा वास दाटून येत होता. सरांच्या पत्नी पन्हं घेऊन आल्या आणि फाईल बघून म्हणाल्या, "अहो, आज तरी ऑफिस नको हो."

"पाच मिनिटं," सर म्हणाले. मला म्हणाले, "बोला."

मी वाक्य दाखवलं. ते म्हणाले, "यात चुकलं काय? योगायोगाची शक्यता पाच टक्क्यांच्या आत आली नाही म्हणजे फरक नाही. नियम तुमच्याच शास्त्राचा."

"नाही म्हणजे दिसला नाही, सर. नाहीच, असं नाही."

"हा शब्दांचा खेळ झाला."

"आपली किंमत तक्त्याच्या किती जवळ होती ते आठवतं ना? आपण आकडा छापतच नाही. नुसती दोन अक्षरं. वाचणाऱ्याला कळणार कसं, जवळ होती की लांब? किती जणींनी चव घेतली तेसुद्धा टेबलात नाही."

"सगळीकडे असंच छापतात. मी वीस वर्षं असंच छापतोय." त्यांचा आवाज चढला. मांडवावरचा माणूस खाली वाकून बघू लागला. "आणि संपादकांनी स्वच्छ लिहिलंय, मजकूर बदलू नका. परत जुळणी करायची म्हणजे अख्खा परिच्छेद हलतो. निबंध पुढच्या अंकात ढकलतील. हवंय का तुम्हाला?"

मी उभी राहिले. बसून ते मला बोलता येईना. पूर्णगडची सभा सांगितली. चेअरमननी खिशातून पत्रक काढलं ते सांगितलं. तुमचीच चव घेऊन सिद्ध झालंय, आता बोलू नका, हे शब्द सांगितले. म्हातारीनं मला काय विचारलं तेही सांगितलं.

आतून कोणी विचारलं, गुरुजींना मुहूर्ताच्या वेळेचं काय सांगायचं? सर म्हणाले, "थांबा जरा." मग हळू आवाजात मला म्हणाले, "बोलू नका असं म्हणाला तो?"

"हो."

"पत्रकातलं वाक्य माझं." त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "बुरशीच्या आनंदात लिहून गेलो हो मी. ताट्या व्हाव्यात एवढंच डोक्यात होतं."

मग त्यांनी कोनाड्यातून एक उरलेलं पत्रिकेचं पाकीट आणि पेन्सिल घेतली. "परिच्छेद हलता कामा नये. जुन्या वाक्याला अक्षरं किती, मोजा. जागा धरून. तेवढ्यातच नवं बसलं पाहिजे, मग जुळणीवाला कुरकुर करणार नाही."

असं आम्ही बसलो. पाकिटाच्या पाठीवर इंग्रजी वाक्य लिहायचं, अक्षरं मोजायची, खोडायचं. इतक्या चव घेणाऱ्यांवरून फरक दाखवता आला नाही, एवढं म्हणायचं होतं, आणि ते दरवेळी लांब होत होतं. सरांनी एक विशेषण उडवलं, मी एक अव्यय उडवलं. त्यांची लग्नाची लेक, हातांना हळद लागलेली, येऊन मागे उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, शब्दकोडं सोडवताय का?" शेवटी एक वाक्य बसलं. जरासं आखूड होतं, ते चालणार होतं. टेबलात दोन अक्षरांच्या जागी आकडा घालायला रकाना अरुंद पडत होता. तो सरांनी तळटिपेत घातला, चव घेणाऱ्यांच्या संख्येसकट. समासात खुणा केल्या, सही केली आणि पाकीट टराटरा फाडून टाकलं.

"पत्रकाचं काय, सर?"

"वाटलेली आता कुठं गोळा करत फिरणार? लग्न होऊ दे. मी येतो पूर्णगडला. तोंडानं सांगतो." आणि मग, "जेवल्याशिवाय जायचं नाही. परवाही यायचं. आहेर आणलात तर बघा."

टपाल मी दुसऱ्या दिवशी सकाळी टाकलं, आणि पुन्हा अस्वस्थ झाले. आता संपादक काय म्हणतील? निबंध परत आला तर सरांना काय तोंड दाखवू? लग्नाला गेले, पंगतीत बसले, वाढणाऱ्या बाई "पोटात काही दुखतंय का?" असं विचारून गेल्या.

सर शब्दाला जागले. लग्नानंतरच्या आठवड्यात आम्ही पूर्णगडला गेलो. सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये बायका एका बाजूला, चेअरमन आणि दोघंतिघं पुरुष एका बाजूला. सरांनी उभं राहून सांगितलं की बुरशीचं लिहिलं ते पक्कं आहे, चवीचं लिहिलं ते जास्त झालं. फरक आहे की नाही हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

चेअरमन चिडले. "म्हणजे छापलेलं खोटं?"

"खोटं नाही. आम्हाला ठाऊक होतं त्याच्यापुढे एक पाऊल लिहिलं."

"साहेब, दरवेळी असं बदलणार असेल तर छापता कशाला?"

सर म्हणाले, "दिवाळीनंतर जास्त बायका बसवून परत करू. तोवर चवीच्या नावावर कुणाला गप्प करू नका." म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं आणि आमच्याकडे न बघता उठून गेली.

निबंध पावसाळ्यात छापून आला. आमचं वाक्य जसंच्या तसं होतं. त्यावर कुणाचंही पत्र आलं नाही, कौतुकाचं नाही की टीकेचं नाही. इतके दिवस जिवाला घोर लावून घेतला आणि जगात पान हललं नाही, याची मला गंमत वाटण्याऐवजी चीडच आली.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा बसलो. या खेपेला दोन्ही वाड्यांतून मिळून पहिल्याच्या तिपटीनं बायका आल्या. शाळामास्तरणीनं सगळ्यांना रांगेत बसवलं, कुणी कुणाच्या वाटीत बघायचं नाही असा दम दिला. या वेळी हसणं नव्हतं. म्हातारी डोळे मिटून चावत होती, परीक्षेला बसल्यासारखी.

मी हिशोबाला बसले. या वेळी किंमत तक्त्यातल्या किमतीच्या वर गेली. फरक लहान होता, पण होता, आणि वाळूवरच्या मासळीच्या बाजूनं होता. सरांना सांगितलं. ते नुसते हसले आणि म्हणाले, "आकडा लिहा. तारा नंतर."

मी एकेकीचे आकडे स्वच्छ उतरवायला घेतले. म्हातारीच्या ओळीशी आले आणि थांबले. तिनं ताटीवरच्या मासळीला जास्त चिंचोके टाकले होते. एकदा नव्हे, बहुतेक प्रत्येक फेरीत. पहिल्या चाचणीचे कागद काढून बघावेसे वाटले, पण मी ते कपाट उघडलं नाही.

"एकेकीचे आकडे अहवालात द्यायचे का, सर?"

"छे. सरासरी, किती जणी, आणि ती किंमत. गावात नावानिशी कोण कशाला हवं?"

निकाल सांगायला मी एकटीच गेले. बायकांनी एकच गलका केला. चेअरमननी पुष्कळ कुरकुर करून ठराव सैल केला. ढगाळ दिवसांत ताटी, लख्ख उन्हात ज्याची त्यानं बघावं. बायकांनी तसं आधीच सुरू केलं होतं, असं मास्तरीण मला कोपऱ्यात म्हणाली.

परतीच्या गाडीत म्हातारी माझ्या शेजारी येऊन बसली. पाटी पावसच्या बाजाराला निघाली होती. कंडक्टर म्हणाला, "आजी, पाटी टपावर," आणि तिनं त्याला असं काही सुनावलं की तो पुढच्या दाराकडे सरकला. मग ती माझ्याकडे वळली.

"सांगत होते ना गो मी? जिभेला कळता. मी पयल्या घासालाच वळखलं, ही वाळूवरची."

"हो, आजी."

"तुझ्या त्या सायबाला सांग. म्हातारीनं वळखलं म्हणून सांग."

"सांगते."

पावसपर्यंत ती बोलत होती. सासूनं तिला मासळी परतायला कसं शिकवलं, कोणत्या वाऱ्याला काय करायचं, सगळं. मी मान डोलवत होते आणि पिशवीतले आकड्यांचे कागद घट्ट धरून बसले होते. पावसला गाडी थांबली. मी उठून पाटीला हात लावला, तिच्या डोक्यावर चढवली. खाली उतरून तिनं एका हातानं पाटी सावरली, दुसऱ्या हातानं मला निरोप दिला आणि बाजाराच्या गर्दीत ओरडत शिरली, "सुकी मांदेली, वाळूवरची!" गाडी सुटली. सरांना काय सांगायचं, हे मी रत्नागिरी येईपर्यंत ठरवत होते. मी पोचले तेव्हा ते ऑफिसातून निघून गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही.